मार्थाबाईला औक्ष दे

सुरतेत, नवागामच्या आमच्या चाळीत दोन खोल्यांमधली भिंत एका विटेची होती. शेजारी मिरचीची फोडणी पडली की ठसका आपल्या घरात लागायचा. त्यामुळे ख्रिस्ती लोकांचे सात संस्कार मी भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून, बिडी ओढत शिकलो. फी नाही, परीक्षा नाही. आजही झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगेन: बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, पापनिवेदन, आजाऱ्याला तेल, गुरुदीक्षा आणि लग्न. मी बौद्ध माणूस, पारोळ्याकडचा. आमच्यात एवढा पसारा नाही. पण पाठ झालं ते झालं.

शिकवणारा होता भिंतीपलीकडचा इनास त्रिभुवन. मूळचा नगर जिल्ह्यातला, कॅथलिक. आम्ही दोघं एकाच मिलमध्ये होतो. तो कलर किचनमध्ये, म्हणजे साड्यांच्या छपाईचे रंग जिथं कालवतात तिथं, आणि मी घडीखात्यात. शाळा सातवीत सुटली होती त्याची, तरी सगळी चाळ त्याला मास्तर म्हणायची. त्याचं कारण रविवारचा वर्ग. चर्चमध्ये सगळा कारभार गुजरातीत, नाहीतर इंग्रजीत. फादर केरळचे, पण गुजराती आमच्या शेठपेक्षा शुद्ध बोलायचे. आता घरात मराठी बोलणाऱ्या पोरांना धर्म समजावणार कोण? फादरांनी ते काम इनासला दिलं. दर रविवारी दुपारी पंधरा-वीस पोरं त्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत कोंबून बसायची आणि माझी दुपारची झोप गेलीच म्हणून समजा.

माणूस उंच, किंचित वाकलेला, कायम पांढरा हाफ शर्ट. का, तर म्हणे रंगात काम करणाऱ्यानं पांढरं घालावं, डाग कुठं पडला ते लगेच कळतं. हात मात्र त्याच्या ताब्यात नव्हते. मिलमध्ये जो रंग चालू असेल तो हातावर. सोमवारी जांभळे, गुरुवारी हिरवे. शनिवारी संध्याकाळी तो नळाखाली उकिडवा बसून ते हात घासायचा. लिंबू, राख, कपडे धुवायची ब्लीच पावडर, हाताला लागेल ते. कातडी सोलायची वेळ यायची. मी म्हणायचो, "मास्तर, देव काय हात हुंगून बघतो का रे?" तो म्हणायचा, "तुला काय करायचंय बागूल, तू तुझ्या घड्या घाल."

वर्गात त्याची एक रीत होती. मिलमधून कापडाच्या चिंध्या आणायचा. एक नुसती छापलेली, एक छापून वाफेत शिजवलेली. पाण्याची बादली मध्ये ठेवायची. पहिली चिंधी एका पोराच्या हातात. "घाल पाण्यात." रंग भसाभस उतरायचा. मग दुसरी. ती चोळून चोळून पोरं थकायची, रंग ढिम्म. मग मास्तर म्हणायचा, "बाप्तिस्मा झाला की माणसाला असा रंग बसतो. तुम्ही पळून जा, दारू प्या, देवाला शिव्या द्या. निघत नाही. मालक आपलं कापड ओळखतो."

एकदा कुणीतरी विचारलं, "मास्तर, फाटलं तर?"

"फाटलं तरी रंग तोच ना, येड्या!"

दुसरा प्रश्न ठरलेला, त्या सात संस्कारांवरचा. "साक्रामेंत म्हणजे काय?" पोरं एका सुरात ओरडायची, "न दिसणाऱ्या कृपेची दिसणारी खूण!" मग मास्तर आवाज खाली आणायचा. "हे पाठ झालं. आता समजून घ्या. देव दिसत नाही. आणि आपण मिलची माणसं, हातात काही आल्याशिवाय आपला विश्वास बसत नाही. देवाला हे ठाऊक आहे. म्हणून तो पाणी देतो, तेल देतो, भाकर देतो. घे म्हणतो, हातात धर."

मी भिंतीअलीकडून ओरडलो, "पगाराचं पण तसंच आहे, मास्तर!"

"बागूल, भिंतीपलीकडच्या विद्यार्थ्यानं हात वर करून बोलावं!"

पोरं खिदळायची. असा आमचा वर्ग.

त्याच्या घरात बायको सुशीला आणि मुलगी आग्नेस. सुशीला आमच्या खानदेशची, शिरपूरकडची, हिंदू. पहिला नवरा लग्नाच्या वर्षातच वारलेला. दिवसभर घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायची आणि जीभ अशी की खड्यांपेक्षा धारदार. श्रावणात ती तिची कानबाई बसवायची, रोट करायची. डिसेंबरात मास्तर गोठ्याचा देखावा मांडायचा. एकमेकांच्या देवाला कुणी हात लावत नव्हतं आणि प्रसाद दोन्हीकडचा आम्ही खात होतो.

एका उन्हाळ्यात पलीकडच्या गल्लीतल्या एका कॅथलिक बाईला सातव्या महिन्यातच मुलगा झाला. हातभर पण नव्हता. दवाखान्यात न्यायला रिक्षा येईपर्यंत पोर निळं पडायला लागलं. फादर होते कामरेजला, कुणाच्या तरी घरी. बाईची सासू धावत मास्तरकडे आली. मास्तर हातातला घास टाकून उठला, सुशीलाच्या हंड्यातलं पाणी स्टीलच्या पेल्यात घेतलं आणि तसाच अनवाणी गेला. मी मागोमाग. त्यानं पोराच्या कपाळावर तीन वेळा पाणी ओतलं, बापाच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं, आणि नाव ठेवलं जोसेफ. सगळं मिळून अर्धा मिनिट. तेवढ्यात रिक्षा आली. पोर जगलं. पुढं तेच पोर आमच्या दारातल्या सायकलींची हवा सोडायचं.

परत येताना मी त्याला म्हटलं, "हे काम फादरचं ना? तुला चालतं?"

"जीव जात असला तर कुणालाही चालतं. तुलासुद्धा."

"मला? मी तर तुमच्यातला पण नाही."

"आग लागल्यावर पाणी टाकणाऱ्याची जात कोण विचारतं का?" तो म्हणाला. मग दोन पावलं चालून पुढं म्हणाला, "पाणी कुणाच्याही हातून पाणीच असतं बागूल. ते एक बरं आहे."

हे 'ते एक बरं आहे' मला तेव्हा कळलं नाही. कळलं पुढच्या वर्षी. त्याच्या वर्गातल्या पोरांचा पहिला ख्रिस्तप्रसाद होता, म्हणजे मिस्सेत फादर जी पातळ गव्हाची चकती देतात ती पोरांना पहिल्यांदा मिळणार. मास्तरनं मला आग्रहानं बोलावलं. पोरांची तालीम त्यानं महिनाभर घेतली होती. डावा हात वर, उजवा खाली, तळव्याचं सिंहासन करायचं, राजा येतोय असं समजायचं. मारी बिस्किटाचे तुकडे करून सराव चालायचा. सराव जरा जास्तच व्हायचा, कारण बिस्किटं.

त्या दिवशी पोरं रांगेनं गेली, झकास तळवे पुढं केले. मग आईबाप गेले, म्हातारे गेले, नर्सबाया गेल्या. बाक रिकामे होत गेले. शेवटच्या बाकावर दोनच माणसं उरली, एक मी आणि एक मास्तर. मी बौद्ध, माझं समजू शकतो. मी त्याला कोपरानं ढोसलं, "जा की." त्यानं मान हलवली. घासून घासून लाल केलेले दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवून तो बसून राहिला.

परतताना पर्वत पाटियाच्या नाक्यावर लारीवर, म्हणजे चहाच्या हातगाडीवर, मी विषय काढला. तो म्हणाला, "पंगतीत वाढणारा बसतो का जेवायला?"

"सगळ्यांचं झाल्यावर बसतो."

"हां. मग माझ्या सगळ्यांचं अजून झालं नाही असं समज."

उडवून लावलं मला. पण मी कसला सोडतो? दुसरा चहा मागवला. तेव्हा त्यानं सांगितलं, तेही बशीत बघत. गावाकडं त्याचं चर्चमध्ये लग्न झालेलं होतं. बायकोचं नाव मार्था. तो तेव्हा प्यायचा आणि प्यायल्यावर मारायचा. दीड वर्षानं ती माहेरी गेली ती परत आली नाही. हा इकडं सुरतेला आला, दारू सुटली, सुशीला भेटली, संसार झाला. पण त्यांच्यात चर्चमध्ये लागलेलं लग्न मेल्याशिवाय तुटत नाही. मार्था जिवंत आहे तोवर तिचा नवरा हाच. सुशीलाशी लग्न लागू शकत नाही, आणि लग्नाशिवाय तिच्यासोबत राहतो म्हणून ख्रिस्तप्रसाद नाही. फादर चांगले होते, आग्नेसचा बाप्तिस्मा त्यांनीच केला. पण नियम तो नियम.

"म्हणजे तू पोरांना शिकवायचं आणि तू स्वतः उपाशी?"

"चूक माझी होती, बागूल. नियमाची नव्हती."

आणि मग मला एकदम लख्ख उजेड पडला. भिंतीपलीकडून रोज संध्याकाळी माळेचा जप संपला की एक वाक्य ऐकू यायचं, "मार्थाबाईला औक्ष दे, तिला दुखणं देऊ नको." मला वर्षानुवर्षं वाटायचं, मार्थाबाई म्हणजे त्याची आई असणार.

"अरे तू खुळा की काय?" मी जवळजवळ ओरडलोच. "ती गेली तर तुझी सुटका! आणि तू तिला औक्ष मागतोस?"

"म्हणूनच मागतो," तो म्हणाला. "नाही मागितलं तर मन दुसरंच मागायला लागतं. मी ओळखतो ना मला."

चहाचे पैसे मी दिले.

नुसत्या प्रार्थनेवर तो थांबत नव्हता. जुलैच्या शेवटी संत मार्थाचा सण असतो. त्याच्या आधी तो दरवर्षी गावाकडच्या चर्चला मनीऑर्डर करायचा, खाली दोन ओळी लिहून: मार्थाबाईच्या आरोग्यासाठी व दीर्घायुष्यासाठी एक मिस्सा व्हावी. सुशीलाला हे माहीत होतं. तीच कधीकधी आठवण करायची, "मनीऑर्डर कराना दिवस उना ना?" अहिराणीत विचारायची, जशी काही वीजबिलाची आठवण.

सुरतेत प्लेग आला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. कानबाईचे दिवस होते. सुशीला रोटासाठी गहू निवडत उंबऱ्याशी बसली होती, माझी बायको वत्सला तिला मदत करत होती. पोस्टमन कार्ड टाकून गेला. मास्तर नुकताच पाळीवरून आलेला, हात पोपटी. त्यानं कार्ड वाचलं, परत वाचलं आणि माझ्या हातात दिलं. "मोठ्यानं वाच," म्हणाला.

गावाकडच्या चर्चला नवे फादर आले होते, त्यांचं कार्ड. "आपण मार्थाबाईंच्या आरोग्य व दीर्घायुष्यासाठी मिस्सा सांगितली आहे. परंतु सदर बाई चार वर्षांपूर्वी देवाघरी गेल्या. गावात या नावाच्या आणखी दोघी असल्यामुळे आधीच्या वृद्ध फादरांचा घोटाळा झाला असावा. आता ही मिस्सा मृतात्म्यासाठी अर्पण करू काय, ते कळवावे."

वाचून झालं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मास्तर, सुटलास की रे!"

सुशीलानं सूप खाली आपटलं. "बागूलभाऊ, तोंड सांभाळा. बाई मेलीय."

मला शरम वाटली. खरंच सांगतो, त्या वेळी मला माझी शरम वाटली, आणि हे लिहितानाही वाटते आहे.

मास्तर उंबऱ्यावरच बसला. म्हणाला, "चार वर्षं मी मेलेल्या बाईला औक्ष मागत होतो." हसला की काय केलं त्यानं, मला समजलं नाही. दुसऱ्या दिवशी तो कार्ड घेऊन फादरांकडं गेला आणि विचारलं, या चार मिस्सा वाया गेल्या का? फादर म्हणाले, देवाकडं टपाल चुकत नाही, ज्याचं त्याला पोचतं. मग फादरांनीच पुढचं सांगितलं. गावाहून मृत्यूचा दाखला आणायचा, सुशीला ख्रिस्ती नाही म्हणून बिशपची परवानगी घ्यायची, पापनिवेदन करायचं आणि दोन साक्षीदार आणायचे. दोनेक महिन्यांत लग्न लावून देतो. मग शेवटच्या बाकावर बसायला नको.

तो माणूस धावत घरी आला. धावताना मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. भिंतीअलीकडून आम्हाला सगळं ऐकू आलं. म्हणजे ऐकायचं नव्हतं, पण भिंत एका विटेची.

सुशीला म्हणाली, "नाही."

"नाही म्हणजे?"

"सुतक कळलं तिथून धरतात. वरीस जाऊ दे. मंग बघू."

"अगं, आमच्यात सुतक नसतं."

"मंग माणसं नसतात का तुमच्यात?"

सुशीलाचा आवाज चढला. "इतकी वर्सं मी त्या बाईच्या मरणाची वाट नाही पाहिली. आता कार्ड उनं म्हणून दुसऱ्या दिवशी हार घालू गळ्यात? तू तिला मारलं, ती गेली. मेली ते पण तुला कळलं नाही. एक दिवस तरी तिच्यासाठी रडला का तू? औक्ष मागणं सोपं शे. रडी दाखव आधी."

मग मास्तरचा आवाज आला, अगदी बारीक. "पुढच्या उन्हाळ्यात आग्नेसचा पहिला ख्रिस्तप्रसाद आहे गं. पोरीच्या बाजूला उभं राहून घ्यायचा होता मला. एवढंच."

यावर सुशीला रडली. आधी ती रडली, मग तोही. वत्सलानं पदर तोंडाला लावला आणि मी बिडी पेटवायची सोडून काडी हातातच विझू दिली. पण बाईनं शब्द मागं घेतला नाही. आणि दुसऱ्या दिवशी मास्तर फादरांना सांगून आला की वर्षभर थांबतो. फादर म्हणाले, धर्मात असं काही सांगितलेलं नाही. मास्तर म्हणाला, "फादर, घरात सांगितलंय."

ते वर्ष त्यानं पाळलं. मांस सोडलं. मिलमध्ये कुणाच्या लग्नाचे पेढे आले तर घ्यायचा, खिशात ठेवायचा आणि पोरांना वाटायचा. संध्याकाळच्या प्रार्थनेत मात्र जीभ वळायची नाही. "मार्थाबाईला औक्ष..." इथं थांबायचा, मग "शांती दे." हे औक्षावर अडखळणं कितीतरी महिने चाललं.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला त्यांचा मृतांचा दिवस असतो. कबरस्तानात जो तो आपापल्या माणसांच्या कबरीवर मेणबत्त्या लावतो, आणि ज्यांची माणसं दुसऱ्या गावी पुरली आहेत ते मधल्या मोठ्या क्रूसाच्या पायथ्याशी लावतात. इतकी वर्षं तिथं मास्तर आईवडिलांची मेणबत्ती लावायचा आणि मार्थाच्या नावाची चुकूनही नाही. जिवंत बाईची लावली तर ते मरण मागितल्यासारखं होईल, ही भीती. त्या वर्षी लावायची होती. सुशीला म्हणाली, मी पण येते. आम्हालाही घेऊन गेली.

मास्तरनं मेणबत्ती लावली. दुपारचं ऊन होतं, ज्योत दिसतच नव्हती. सुशीलानं पिशवीतून कागदाची पुडी काढली. आत हिरव्या बांगड्या, अर्धा डझन, आणि हळदकुंकू. तिनं ते मेणबत्तीच्या शेजारी नीट मांडलं.

"हे काय गं?" मास्तरनं हळूच विचारलं.

"सवाष्ण मेली ती," सुशीला म्हणाली. "नवरा जित्ता होता तिचा. तिला भरल्या हातानं वाटेला लावलं का नाही लावलं, कोण सांगणार?"

फादर प्रार्थना म्हणत कबरींमधून पाणी शिंपडत येत होते. क्रूसाशी आले, बांगड्या पाहिल्या, सुशीलाकडं पाहिलं. आता ओरडतात की काय, असं मला वाटलं. फादरांनी मेणबत्तीवर शिंपडलं तसंच बांगड्यांवरही शिंपडलं आणि पुढं गेले. मास्तर तिथं खाली बसला आणि मग मात्र रडला, अगदी पोरासारखा हुंदके देत. सुशीला त्याच्या शेजारी उभी राहिली. गप्प करायला गेली नाही.

एप्रिल-मे आला. आग्नेस म्हणाली, पप्पा घेतील तेव्हा मी घेईन, मी पण थांबते. मास्तरनं तिला समोर बसवलं. "माझ्यासाठी तू उपाशी राहायचं नाही. वाढलेल्या पानावर रुसू नये." पोरगी पांढऱ्या फ्रॉकमध्ये रांगेत गेली, तळव्याचं सिंहासन केलं. मास्तर शेवटच्या बाकावर, हात गुडघ्यांवर पालथे. सुशीला त्याच्या डाव्या बाजूला, मी उजव्या. रांग परत येताना आग्नेसनं आमच्याकडं पाहिलं आणि मास्तर तिच्याकडं पाहून हसला. सुशीला मात्र मान वर करून पाहू शकली नाही. घरी गेल्यावर वत्सलाला म्हणाली, "मन्हामुळे झालं ना ते." पण तरी म्हणाली नाही की चुकलं.

वर्ष भरलं. पुन्हा कानबाईचे दिवस आले, रोट झाले, कानबाईचं विसर्जन झालं. पुढच्या शनिवारी चार वाजता आम्ही चर्चमध्ये गेलो. साक्षीदार कोण, तर मी आणि वत्सला. बौद्ध चालतात का, हे मी आधीच विचारून घेतलं होतं. फादर म्हणाले, डोळे आहेत ना, सही येते ना, मग चालतं.

आधी पापनिवेदन. मास्तर फादरांपाशी जाळीआड गेला आणि आम्ही बाहेर बसलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली, पाऊण तास झाला. सुशीला चुळबुळ करायला लागली. "येवढं काय केलंय यानं? माले तरी सांगायचं!" मास्तर बाहेर आला तेव्हा शर्ट घामानं चिकटला होता आणि चेहरा परीक्षा सुटलेल्या पोराचा होता.

लग्न वेदीपुढं झालं, बिनगाण्याचं. फादरांनी आधी प्रामाणिकपणे सांगितलं की सुशीलाचा बाप्तिस्मा झालेला नाही म्हणून हे लग्न पक्कं आहे, चर्चला पूर्ण मान्य आहे, पण त्या सातांतला साक्रामेंत म्हणून ते धरत नाहीत. सुशीला लगेच म्हणाली, "म्हणजे अजून कमीच का?" फादरांना हसू आवरेना. मास्तर म्हणाला, "कमी नाही गं. तुझ्या रंगाला वेगळी वाफ लागते." मग फादरांनी विचारलं, इनासला पती म्हणून स्वीकारतेस का? ती म्हणाली, "केव्हाचा." फादरांनी समजावलं की आज, आत्ता स्वीकारते असं म्हणावं लागतं. तिनं मास्तरकडं पाहिलं, खालपासून वरपर्यंत, जशी काही भाजी निवडतेय. "बरं," म्हणाली, "आत्ता पण स्वीकारते."

मी रजिस्टरमध्ये सही केली. इतकी सुबक सही मी पगाराच्या कागदावरही कधी केली नव्हती.

त्यानंतरही आम्ही दोन-तीन वर्षं शेजारी होतो. मग मिल बसली, मी पारोळ्याला परतलो, तो तिथंच राहिला. पण मास्तर म्हटलं की मला दुसऱ्या दिवशीचा रविवार दिसतो.

दिवाळीच्या साड्यांचा हंगाम होता. आठवडाभर मिलमध्ये राणी रंग चालू होता, आणि राणी रंग निघता निघत नाही. लग्नाहून आल्यावर अंधार पडेपर्यंत तो नळाखाली बसला होता. लिंबू झालं, राख झाली, ब्लीच झालं. निघाला नाही. सकाळी चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर आमच्यात येऊन बसला, सवयीनं. बाक रिकामे व्हायला लागले. आग्नेस पुढच्या रांगेतून मागं आली आणि त्याच्या शर्टाची बाही धरून ओढली. तो उठला. पोरीला पुढं घालायला गेला, तर तिनं त्यालाच पुढं ढकललं.

शेवटी तो फादरांसमोर पोचला. शेकडो पोरांना त्यानं हात कसे धरायचे ते शिकवलं होतं, पण स्वतः कधी धरले नव्हते. त्याच्या लहानपणी फादर जिभेवर ठेवायचे, गुडघे टेकायला लावून. माणूस गोंधळला. गुडघे अर्धे वाकवले, राणी रंगाचे दोन्ही तळवे पुढं केले, उजवा वर आणि डावा खाली, आणि वर तोंड उघडून जीभही बाहेर काढली. फादर चकती हातात घेऊन थांबले. द्यायची कुठं?

"पप्पा, एक काहीतरी करा!" आग्नेस मागून कुजबुजली. आख्ख्या चर्चला ऐकू गेलं.

त्यानं तोंड मिटलं. आग्नेसनं बाजूनं हात घालून त्याचा डावा तळवा वर आणला. फादरांनी चकती ठेवली. आणि हा ती बघत उभाच. गुलाबी हातावरची पांढरी चकती बघतोय, मागची रांग खोळंबलीय, फादर पुढच्याची वाट बघताहेत, आणि हा हलायला तयार नाही.

माझ्या शेजारी सुशीला सरकून बसली होती, इतकी वर्षं तो बसायचा त्या जागेवर. ती पुटपुटली, त्याला ऐकू जाणार नाही हे माहीत असून, "खाई ले ना रे आता."

त्यानं खाल्लं. मग डोळे पुसले आणि मागच्याला वाट देऊन बाजूला सरला.